सरकलेली

मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण परवाच एका शहाण्यानं मला न्याहाळून ‘ही गळते का’ असं विचारलं. मी काचेची नळी आहे. वीतभर लांब, मधे काडीसारखी बारीक, दोन्ही टोकांना फुगीर. पोटात थोडासा हायड्रोजन आहे. वीज दिली की गुलाबी उजळते. गळ्यात दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी आहे, पिवळी पडलेली. तिच्यावर काळ्या शाईत लिहिलंय, ‘नळी सात, सरकलेली’. त्यापुढे निळ्या शाईत आणखी एक शब्द आहे, पण त्याचं नंतर.

मित्रांनो, ती काळी अक्षरं खोटी आहेत. वीस वर्षं माझं डोकं त्यांच्यामुळे तापलेलं आहे. आज सगळं सांगून टाकणार आहे. मधे बोलू नका.

पहिल्यापासून सांगते. मला एका काचकारागिरानं फुंकलं. त्या माणसाचे गाल असे, की तो शिंकला की पलीकडच्या गल्लीतले ओले कपडे वाळायचे. मला फुंकताना त्यानं असा काही दम लावला, की त्याची टोपी उडाली आणि चौकातल्या न्हाव्याच्या डोक्यावर जाऊन बसली. न्हाव्याला तीन दिवस पत्ता नाही. मग कारागिरानं माझ्यातली हवा काढून हायड्रोजन भरला, तर मी इतकी हलकी झाले की थेट छताला जाऊन चिकटले. शिडी लावून उतरवावं लागलं.

बरं, छताला नाही. टेबलावरच होते. आणि टोपी खुंटीवर होती.

मी थापा मारते, कबूल आहे. मोठ्या मारते आणि मजेनं मारते. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यात मला थाप मारायची म्हटली तरी मारता येत नाही. ती म्हणजे माझ्या रेघा.

माझा गुलाबी उजेड लोलकातून, म्हणजे तिकोनी काचेतून पाठवला की तो फुटतो आणि त्याच्या सुट्या सुट्या रंगीत रेघा होतात. एक तांबडी, एक निळसर हिरवी, मग पुढं जांभळ्या. उजेड म्हणजे लाटा. लांब लाट तांबडी दिसते, आखूड लाट जांभळी. हायड्रोजनच्या प्रत्येक रेघेची लाट किती लांब, हे ठरलेलं आहे. माझ्या पोटातला हायड्रोजन घ्या, सूर्यातला घ्या, आकाशाच्या पार दुसऱ्या टोकाचा घ्या, निघताना सगळ्यांच्या रेघा ह्याच. त्यात केसभर इकडचं तिकडे करायची मला सोय नाही. असती तर केलं नसतं का? माझा स्वभाव तुम्ही आत्ताच पाहिलात.

म्हणून तर मला टेकडीवरच्या वेधशाळेत नेलं. तिथं मोठ्या दुर्बिणीच्या बुडाशी एक बारीक फट होती आणि फटीशेजारी माझी जागा. ताऱ्याचा उजेड फटीतून आत शिरायचा, लोलकातून फुटायचा आणि फोटोच्या काचपट्टीवर त्याच्या रेघा उमटायच्या. मग मला पेटवायचे. माझ्या रेघा त्याच पट्टीवर, ताऱ्याच्या रेघांच्या वर आणि खाली बसायच्या. मधे तारा, वर-खाली मी. आता ताऱ्याची रेघ जागची किती हलली ते माझ्याकडे बघून मोजा. मी म्हणजे भिंतीवरची खूण होते. मुलाची उंची मोजायला भिंतीवर खूण करतात ना, तशी. खूण वाढत नाही, मूल वाढतं.

दिवसा ती पट्टी मोजणीच्या खोलीत जायची. तिथं ताई बसायची. उंच स्टूल, पितळी सूक्ष्मदर्शक, उत्तरेकडची खिडकी. एक डोळा मिटून मोजायची सवय लागून तिची डावी भुवई उजवीपेक्षा कायमची वर गेली होती, त्यामुळं ती कुणाकडेही बघायला लागली की समोरच्याला वाटायचं, आपल्यावर विश्वास नाही. बऱ्याचदा नसायचाच. एक रेघ ती पाच वेळा मोजायची. पाचवी मोजणी चौथीशी जुळली नाही तर पट्टी उलटी ठेवून पुन्हा पाच वेळा.

आणि एक होते मोठे साहेब. वेधशाळा त्यांची, म्हणजे ते तसं समजायचे. त्यांची मिशी त्यांच्याआधी खोलीत यायची. हे मी अर्धंच वाढवून सांगतेय.

साहेबांना दूरच्या दीर्घिकांचं वेड. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव. एका लांबच्या दीर्घिकेची पट्टी आली, तर तिच्यातल्या हायड्रोजनची निळसर हिरवी रेघ आपलं घर सोडून हिरव्याच्याही पुढे, पिवळ्याच्या दाराशी उभी. माझ्या रेघेपासून चांगली नखभर लांब. तिच्याहून दूरच्या दीर्घिकेची रेघ आणखी लांब सरकलेली. वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो आला. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर बोट टेकवून चार पाहुण्यांना सांगितलं, की ही नळी सात अगदी चोख आहे, हिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवा. मी लाजून आणखी गुलाबी झाले. मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

झाडलोट करणाऱ्या मावशींना मात्र ते पटेना. त्यांनी ताईला विचारलं, की सगळी ताऱ्यांची गावं आपल्यापासून लांब पळतायत म्हणता, तर आपल्या अंगाला वास मारतो का?

ताई हसली. तिनं शिवणाच्या डब्यातून हातभर इलॅस्टिक काढलं, त्यावर शाईनं लाटांची नागमोडी ओळ काढली आणि एक टोक मावशींच्या हातात दिलं.

‘ओढा. पळत कुणी नाही, मावशी. मधली वाटच ताणली जातेय. उजेड कोट्यवधी वर्षं ह्या वाटेवर आहे. वाट लांबली, तशी लाट लांबली. आणि लांब लाट म्हणजे तांबड्याकडे सरकलेली.’

मावशींनी इलॅस्टिक ओढलं, शाईच्या लाटा पसरट झाल्या. त्यांनी सोडलं ते ताईच्या बोटावर चटकन बसलं. आकाश असं परत आखडत नाही, बोट चोळत ताई म्हणाली.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत होतं. आता रागाचं सांगते.

आकाशात दोन तारे आहेत, जोडीनं राहणारे. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली झगमगती, नुसता तोरा. धाकटी तिच्या उजेडात दिसायचीसुद्धा नाही. पण धाकटी मोठी विलक्षण. आकार आपल्या पृथ्वीएवढा आणि वजन सूर्याएवढं. तिच्या अंगची चमचाभर माती काढली तर ती एका हत्तीएवढी भरेल. ही थाप नाही. माझ्या तोंडून खरं आलं की कुणाला पटत नाही, हेही माझ्या रागाचं एक कारण आहे.

इतक्या जड ताऱ्यावरून उजेड सुटणं म्हणजे खोल विहिरीतून वर चढणं. मावशींनी इथंही विचारलं, की मग उजेड दमतो का. ताई म्हणाली, दमून सावकाश चालत नाही, वेग तोच ठेवतो. पण वर येता येता अंगातला जोर खर्च होतो, आणि जोर गेलेली लाट लांब होते. म्हणजे इथंही तांबड्याकडे सरकणं आलं. फक्त दीर्घिकेची रेघ सरकते ती वाट ताणल्यामुळे, आणि धाकटीची सरकते ती तिच्या वजनामुळे. ताईच्या गणितानं धाकटीची रेघ अर्ध्या केसाच्या जाडीइतकी सरकायला हवी होती.

साहेबांनी हे एका सभेत हसण्यावारी नेलं. असला फरक कुठं दिसायचा नाही, आणि माझ्या वेधशाळेत दिसला तर मिशी उतरवीन, असं ते भर सभेत बोलून बसले. टाळ्या पडल्या. मिशी खुलली.

ताईनं नवी वही उघडली. ती मोजायला लागली. तीन वर्षं, सव्वीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर आधी थोरली घ्यायची, लगेच तिच्याखाली धाकटी, आणि दोन्हींच्या मधे मला बोटसुद्धा लावायचं नाही. ती जोडी मिळून आपल्याकडे येते का लांब जाते, तेवढं सरकणं थोरलीवरून कळायचं. दोघी एकमेकींभोवती फेर धरतात, त्यानं पडणारा फरकही तिनं आधीच काढून टाकला. एवढं करूनही धाकटीची रेघ जी जास्तीची सरकलेली उरली, ती अर्धा केस. सव्वीस पट्ट्या आणि सव्वीस वेळा अर्धा केस.

ती वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. मी तेव्हा साहेबांच्या टेबलावरच होते, कुणातरी पाहुण्याला दाखवायला आणलेली. त्यामुळं हे ऐकीव नाही.

साहेबांनी वही चाळली. चाळता चाळता एक हात मिशीवर गेला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोष द्यायला दुर्बिणीची भिंगं होती, साहेब स्वतः होते, त्यांची ती सभा होती, पण सापडले कोण? मी. टेबलावर पडलेली, तोंड नसलेली.

‘नळी सरकलेली असणार,’ साहेब म्हणाले. ‘फटीसमोरून जराशी बाजूला झाली की सगळ्या मोजणीत फरक पडतो.’

‘नळी सरकली असती तर थोरलीही तेवढीच सरकली असती, साहेब. दोघी एकाच पट्टीवर आहेत. थोरलीच्या रेघा एकदा बघा.’

‘मला शिकवू नका. इथं सही करा.’

त्यांनी कागदावर लिहिलं होतं, की नळी सातमध्ये दोष असल्यामुळं सव्वीस पट्ट्यांची मोजणी रद्द करण्यात येत आहे. सही केली तर ताईची तीन वर्षं कचऱ्यात. नाही केली तर तिचं स्टूल, तिचा सूक्ष्मदर्शक आणि ती उत्तरेकडची खिडकी जाणार, हे साहेबांनी तोंडानं सांगितलं नाही. खिडकीकडे बघून सांगितलं.

मित्रांनो, मला हात असते तर त्या मिशीचं एक टोक मी तिथंच उपटलं असतं. दीर्घिकेची रेघ नखभर सरकली तेव्हा मी चोख. फोटो छापून आला तेव्हा मी चोख. तीच मी, तीच फट, तोच लोलक. आणि अर्धा केस नको त्या ताऱ्यात निघाला तर मी सरकलेली? माझ्या आतला हायड्रोजन कुणाची मिशी बघून लाट आखूड-लांब करतो काय?

ताईनं लेखणी उचलली आणि परत ठेवली. तिची डावी भुवई आणखी वर गेली.

‘दोष नळीचा नाही. मी सही करणार नाही.’

एवढंच बोलून ती वही उचलून बाहेर गेली. साहेबांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली, माझ्या गळ्यात करकचून बांधली आणि मला टोपलीत टाकलं, चहाच्या ओल्या चोथ्यावर. जिच्या रेघांवर ह्यांनी आकाश मोजलं तिला चोथ्यावर टाकलं. मावशींनी टोपली उपसताना मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि ताईला नेऊन दिलं. म्हणाल्या, ही नळी तुमच्यासारखीच दिसते, टाकून दिलेली पण फुटली नाही.

ताईला मुलांच्या खोलीत पाठवलं. तळमजल्यावर, जिथं शाळेची मुलं वेधशाळा बघायला येतात तिथं. तिथं एक फुटका पृथ्वीगोल, दोन बाकडी आणि एक पाय वाकलेला जुना सूक्ष्मदर्शक. रद्द झालेल्या सव्वीस पट्ट्या रद्दीत जाणार होत्या. त्यातली एक ताईनं मागून घेतली. मला तिनं खिडकीपाशी लाकडी ठोकळ्यावर बसवलं. चिठ्ठी मात्र काढली नाही. मला तिचाही राग आला. पुष्कळ दिवस मी नीट पेटलेच नाही, लुकलुक करून तिला छळलं.

वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात कुजबुजायचे, की नळी सरकलेली आणि बाईही सरकलेली. डोक्याला बोट लावून दाखवायचे. ताई ऐकायची आणि मुलांना सांगायची, की मुलांनो, ह्या वेधशाळेत सरकलेल्या आम्ही दोघी, बाकी सगळे आपापल्या खुर्चीला चिकटलेले आहेत. मुलं हसायची. मी हसायचे नाही.

आठवड्यातून दोनदा ती मला पेटवायची. मुलांना इलॅस्टिक ओढायला द्यायची, विहिरीची गोष्ट सांगायची, आणि मग प्रत्येकाला त्या पट्टीवर अर्धा केस दाखवायची. चिठ्ठी वाचून कुणी ना कुणी विचारायचंच, की मग खरंच सरकलं कोण. तेव्हा मला कळलं तिनं चिठ्ठी का ठेवली ते.

अकरा वर्षांनी बातमी आली. दूरच्या एका वेधशाळेत, मोठ्या दुर्बिणीतून, माझ्याशी काही संबंध नसलेली दुसरीच नळी लावून, धाकटीची रेघ मोजली गेली. अर्धा केस. मावशींनी ती बातमी ताईला तीनदा वाचायला लावली. आणि आमच्या साहेबांनी काय केलं? ‘आमच्याकडे हे आधीच दिसलं होतं’ असं वर्तमानपत्राला कळवलं. आमच्याकडे म्हणे. ताईचं नाव नाही, माझा नंबर नाही. मिशी जागच्या जागी. आणि माझ्या गळ्यात चिठ्ठी जागच्या जागी. त्या दिवशी मी इतकी तापले की पेटवल्याशिवायच उजळले. ही थाप आहे, पण मला तसं वाटलं हे खरं.

मग आठ वर्षं गेली. माझा उजेड फिका पडला. म्हातारपणी आमच्या पोटातला वायू काचेतच मुरतो. पण एक बघा, उजेड कमी झाला तरी रेघ तिथंच पडते जिथं पहिल्या दिवशी पडली होती.

गेल्या वर्षी एका दुपारी मुलांच्या खोलीत साहेब आले. निवृत्त, हातात काठी, मिशी पांढरी झालेली. बरोबर त्यांची नात होती, आठ-नऊ वर्षांची, पुढचा एक दात पडलेली. ते तिला वरची मोठी दुर्बीण दाखवायला निघाले होते, पण तिनं दारातून माझा गुलाबी उजेड बघितला आणि आत घुसली. साहेबांना आत यावं लागलं. ताईनं त्यांना बसायला बाकडं दिलं आणि नेहमीसारखी गोष्ट सांगायला लागली. इलॅस्टिक, विहीर, थोरली, धाकटी. कुणाचं नाव घेतलं नाही. एक साहेब होते, एवढंच म्हणाली.

पोरीनं पट्टी बघितली. मग माझी चिठ्ठी हातात धरली, नाकाजवळ नेली.

‘आजोबा, हे तुमचं अक्षर आहे.’

साहेब काठीकडे बघत राहिले.

‘तुमच्या ल ला अशीच शेपटी असते. माझ्या वहीवर तुम्ही नाव घातलंत त्यातही आहे.’ मग तिनं सगळ्यात साधं होतं ते विचारलं. ‘तुम्ही थोरलीच्या रेघा बघितल्या होत्या का?’

मावशी दारात केरसुणी धरून उभ्या. मला वाटलं, आता साहेब खोकतील, घड्याळ बघतील, चल बाळ म्हणतील.

‘नाही,’ साहेब म्हणाले. ‘बघितल्या नव्हत्या.’

ताई उठली आणि सूक्ष्मदर्शकासमोरून बाजूला झाली. ‘आता बघा.’

साहेब वाकले. वाकलेल्या पायाच्या त्या सूक्ष्मदर्शकाला एका हातानं सावरून त्यांनी थोरली बघितली, धाकटी बघितली, वर-खाली मला बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि चिठ्ठी सोडवायला माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला.

‘काढायची नाही,’ ताई म्हणाली. ‘तुम्ही लिहिलंय ते राहू दे. पुढं जागा आहे.’

पोरीनं आपल्या दप्तरातलं निळ्या शाईचं पेन पुढं केलं. साहेबांनी ते घेतलं. त्यांनी चिठ्ठीवर, ‘सरकलेली’च्या पुढं, एक शब्द लिहिला. आता ती चिठ्ठी वाचा बरं. ‘नळी सात, सरकलेली नाही.’

दोन अक्षरं, मित्रांनो. दोन अक्षरं लिहायला एकोणीस वर्षं लागली. दीर्घिकेचा उजेड कोट्यवधी वर्षं चालून येतो, त्याची वाट तरी लांब असते. साहेबांच्या खोलीपासून मुलांच्या खोलीपर्यंत सत्तावीस पायऱ्या आहेत.

पुढच्या आठवड्यात साहेब मिशी उतरवून आले आणि ती मिशी पुडीत बांधून ताईच्या हाती दिली, असं मी मुलांना सांगते. मुलं खूश होतात. पण ती थाप आहे. मिशी अजून आहे. म्हणून माझा रागही अजून आहे.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. दोन गोष्टी जुळत नसल्या की जी जवळ आहे, गप्प आहे, जिला हात नाहीत, तिच्या गळ्यात चिठ्ठी बांधायला धावू नका. आधी थोरली बघा. एकदा बघितलं की मग हवं ते लिहा. आणि खोलीत आलात तर माझ्या काचेवरची धूळ पुसा, हळू पुसा, मी म्हातारी आहे. धूळ पुसा, पण माझी रेघ पुसायला जाऊ नका. मी तिथंच आहे.